मदत हवी आहे: ऑटो हाय बीम वेळेवर डिप होत नाही

नमस्कार मंडळी. नवीन गाडीत ऑटोमॅटिक हाय बीम आहे, म्हणजे अंधारात अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) आपोआप लागतो आणि समोर गाडी दिसली की डिप (खालचा झोत) होतो. लाइटचा नॉब ऑटोवर ठेवून दांडी पुढे ढकलली की मीटरमध्ये 'ए' अक्षराचा हिरवा दिवा लागतो, अप्पर लागला की निळा. इथपर्यंत कळलं.

अडचण अशी की सरळ रस्त्यावर समोरून गाडी आली की लाइट लगेच डिप होतो, पण वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर फार उशिरा. तोवर समोरचा दोनदा डिपर मारून मोकळा! सायकलवाला किंवा पायी चालणारा दिसला तर ढिम्म हालत नाही. उलट रस्त्याकडेची चमकणारी पाटी पाहून मध्येच डिप होतो, तेही नेमका अंधार असताना.

माझ्या समजुतीप्रमाणे आरशामागचा कॅमेरा समोरच्यांचे हेडलाइट आणि टेललाइट ओळखतो, म्हणजे ज्याला दिवाच नाही तो त्याला दिसणार कसा? काच आतून-बाहेरून पुसून पाहिली, फरक शून्य. गाडी हळू असताना अप्पर लागतच नाही, पण तो बिघाड नसावा. मॅन्युअलमध्ये ठरावीक वेगाची अट दिली आहे.

वळणावरचा उशीर सगळ्यांकडेच होतो का, की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (त्याची दिशा नीट जुळलेली आहे का ते) तपासून घ्यावं? काच बदललेली नाही. आणि घाटात तुम्ही ऑटो बंद करून हातानेच अप्पर-डिपर करता का? मी सध्या तेच करतोय, पण मग या फीचरचे पैसे कशाला मोजले असं वाटतं.