आईची रेस्पिरेटरी नर्सकडे पहिली अपॉइंटमेंट आहे, काय काय करतात?

लेस्टरवाला: नमस्कार मंडळी. आई आमच्याकडे इंग्लंडात लेस्टरला असते, वय ६६. जिना चढली की धाप, आणि सकाळी खोकला कफ हे तर बारा महिने. जीपीने (फॅमिली डॉक्टरने) एक्सरे काढला, धाप लागली की घ्यायचा निळा इन्हेलर दिला आणि आता सर्जरीतल्या (इथे जीपीच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) रेस्पिरेटरी, म्हणजे श्वासाच्या आजारांच्या नर्सकडे पाठवलंय, स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसं तपासायची टेस्ट) करणार म्हणे. आई म्हणते डॉक्टर सोडून नर्स काय बघणार? तिला इंग्रजी जेमतेम येतं. उपाशी न्यायचं का?

माई_लीड्स: आईंना सांगा या नर्स दिवसभर दमा आणि सीओपीडीचेच (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात तो फुफ्फुसाचा आजार) पेशंट बघतात, इन्हेलरचं त्यांना चांगलं कळतं. सुरुवातीला नुसते प्रश्न असतात, किती चाललं की थांबावं लागतं, कफ किती, रात्री झोप लागते का, बोटाला ऑक्सिजनचं क्लिप लावतील, वजन उंची घेतील. पण एक गोष्ट तुम्ही आठवणीने सांगा. ती विचारेल सिगरेट ओढता का, आई नाही म्हणतील आणि विषय संपेल. गावाकडे चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला ते सांगा!! बिडीला हात न लावलेल्या बायकांना चुलीच्या धुराने सीओपीडी होतो, आणि इथल्या नर्सला चूल डोळ्यासमोर येईलच असं नाही. लाकडं, गोवऱ्या, खिडकी नसलेलं स्वयंपाकघर, सगळं सांगा. आणि आपल्या आया काही विचारलं की "बरंय, बरंय" करतात, तेवढं तिथे नको म्हणावं.

फुंकर: स्पायरोमेट्री दुखत नाही पण दमवते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात सोडायचा, आणि सोडतच राहायचा, हवा संपली असं वाटतं तरी नर्स शेजारून "कीप गोइंग कीप गोइंग" करत असते. निदान ३ वेळा चांगलं फुंकावं लागतं. त्याआधी इन्हेलरचे पफ देऊन १५-२० मिनिटं बसवतात, कारण औषध घेऊनही श्वासनळ्या अरुंद राहतात का ते बघायचं असतं. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली तर सीओपीडीची शंका पक्की होत जाते. उपाशी नको, पण आधीचे दोन तास भरपेट जेवण नको, कपडे सैल. घरचा इन्हेलर किती तास आधी थांबवायचा ते पत्रात असतं, नसेल तर फोन करून विचारा, पण धाप लागली तर घेऊ द्या आणि नर्सला सांगा. कवळी घट्ट बसत असेल तर राहू दे.

लेस्टरवाला: चुलीचं डोक्यातच आलं नव्हतं, तीस वर्षं तरी केलाय तिने. आणि मागच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चालेल ना?

फुंकर: अहो हे आजच सर्जरीला कळवा! जोरात फुंकताना डोळ्यावर दाब येतो, ताज्या ऑपरेशननंतर टेस्ट पुढे ढकलू शकतात. हार्ट अटॅक, स्ट्रोक नुकताच असेल तरी तेच.

माई_लीड्स: त्याच फोनवर मराठी इंटरप्रिटर पण मागून घ्या, फुकट असतो. इन्हेलर आणि स्पेसर (इन्हेलरला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी) बरोबर न्या, वापरून दाखवायला लावतात, माझ्या सासूबाई पफ मारून झाल्यावर श्वास ओढायच्या, सगळं औषध जिभेवर.