गोल्फचा वेज कोणता घेऊ? ६० अंशांचा की मधला?

हौशी_पुणेकर: नमस्कार मंडळी. येरवड्याला गोल्फ खेळतो, हँडिकॅप २२ (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा). सेटमधल्या पिचिंग वेजने (वेज म्हणजे जवळच्या फटक्याची, तिरक्या तोंडाची काठी) चेंडू १०५ यार्ड जातो, ५६ अंशांच्या सँड वेजने ७०. मधे काहीच नाही. ८५-९० यार्ड उरले की अर्धा स्विंग करायला जातो आणि सगळा राडा होतो. मित्र म्हणतो, ६० चा लॉब वेज घे. घेऊ का?

बंकरवासी: आधी पिचिंग वेजचा लॉफ्ट (तोंडाचा तिरपेपणा) किती ते कंपनीच्या साइटवर बघा. जुन्या सेटमध्ये ४७-४८ अंश असायचा. हल्ली लांब जावा म्हणून ४३-४५ वर आणून ठेवलाय, त्यामुळे तो आणि पुढचा वेज यांच्यात भगदाड पडतं. दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचा फरक ठेवायचा.

हौशी_पुणेकर: बघितलं, ४४ आहे.

बंकरवासी: मग झालं की! ४४-५०-५६. फक्त ५० चा घ्या. बॅगेत १४ काठ्या आधीच असतील तर एखादा लांब आयर्न (लांब फटक्याची लोखंडी काठी) घरी ठेवा, तसाही तो कुणाला लागतोय!

चेंबूरची_चिप: लॉफ्टवर सगळे बोलतात, बाउन्सकडे (तळाच्या फुगीरपणाचा कोन, तोही अंशांत) कुणी बघत नाही. वेज जमिनीवर टेकवा, पुढची धार किती उचललेली राहते ते बघा. धार वर आणि तळ फुगीर, म्हणजे बाउन्स जास्त (१० च्या पुढे). पावसाळ्यातल्या पचपचीत गवतात आणि मऊ वाळूत तो रुतत नाही. एप्रिल-मेच्या टणक जमिनीवर मात्र तोच तळ आपटून उसळतो आणि चेंडू थेट ग्रीनपलीकडे (ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक हिरवळ). तिथे ४-६ वाला बरा. तुमची धार जमिनीत घुसत असेल, हातभर मोठे डिव्हॉट (गवत-मातीचे लचके) निघत असतील, तर जास्त बाउन्सच घ्या. जुना नामवंत गोल्फर जीन सॅराझेनने वेजच्या तळाला डाग देऊन तो जाड केला, तो याचसाठी. तोच वेज घेऊन १९३२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकला गडी.

लॉबवाला: ६० ला उगाच बदनाम करू नका हं. ग्रीनच्या काठावर बंकर (वाळूचा खड्डा) आणि पलीकडे लगेच झेंडा, तिथे तोच लागतो.

बंकरवासी: लागतो, पण रोज सराव करणाऱ्याला. २२ हँडिकॅपवाल्याच्या हातात वेज चेंडूच्या खालून निसटतो नाहीतर चेंडूच्या पोटात धार बसते.

हौशी_पुणेकर: पटलं. माझ्या ५६ वर १२ बाउन्स कोरलाय. सेकंडहँड ५० मिळतोय, घेऊ?

चेंबूरची_चिप: ५६ राहू द्या, बंकरला उत्तम. ५० ला ८ च्या आसपास बघा, त्याने पूर्ण स्विंगच जास्त माराल. सेकंडहँड घेताना वेजच्या तोंडावरच्या खाचांवरून आडवं नख फिरवा. अडकलं नाही तर झिजलाय, सोडून द्या. आणि तुमच्या आयर्नना ग्रॅफाइट शाफ्ट (काठीचा दांडा) असेल तर जड स्टीलच्या शाफ्टचा वेज सरावाच्या चेंडूंच्या दोन-चार बादल्या मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.