९० दिवसांचा नोटीस पिरियड आणि साहेब म्हणतात सोडणार नाही, काय करू?

चाकणचा_क्वालिटीवाला
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, ४ वर्षं ७ महिने झाले. रांजणगावच्या एका कंपनीची ऑफर आलीय, पगार चांगला वाढतोय पण त्यांना मी ३० दिवसांत हवाय आणि आमच्याकडे नोटीस ९० दिवसांची. साहेबांना तोंडी सांगितलं तर म्हणाले आयएटीएफ ऑडिट (ऑटो कंपन्यांची क्वालिटीची तपासणी) झाल्याशिवाय विषय काढू नकोस, एप्रिलमध्ये सिनियर करतो. वर म्हणतात ती कंपनी आपली कॉम्पिटिटर आहे, जॉइन होताना सही केलीयस, जाताच येणार नाही. घरी बायको म्हणते सरळ सोड, वडील म्हणतात मोठ्या लोकांशी वाकडं घेऊ नको. डोकं चालेना झालंय.

बिनधास्त_भोसरी
भावा सिक लिव्ह टाक आणि नवीन ठिकाणी जॉइन हो. कोण येतंय विचारायला.

एचआरवाली_ताई
वरचा सल्ला अजिबात ऐकू नको. अॅबस्कॉन्ड (न सांगता गायब) दाखवलं की रिलिव्हिंग लेटर, म्हणजे रीतसर सोडल्याचं पत्र, अडकतं, आणि नवीन कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आलं की तिथेही उत्तरं देत बसावं लागतं.

पहिलं म्हणजे तोंडी सांगण्याला काही अर्थ नाही, तू अजून राजीनामा दिलेलाच नाहीस. मेल टाक, साहेब आणि एचआर दोघांना, तारीख स्पष्ट लिही, नोटीस त्या दिवसापासून मोजली जाते. मग अपॉइंटमेंट लेटर काढ आणि नोटिशीचं कलम नीट वाच. "नोटीस किंवा त्याऐवजी पगार" असं दोन्ही बाजूंना लिहिलं असेल तर बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर निघणं) मागता येतं, पण "मॅनेजमेंटच्या मर्जीनुसार" असेल तर त्यांना मनवावं लागेल. पैसे बेसिकवर कापणार की ग्रॉसवर तेही बघ, फरक मोठा पडतो. आणि नवीन कंपनीला बायआउट भरता का हे विचारायला लाजू नको, बऱ्याच कंपन्या भरतात, फक्त स्वतःहून सांगत नाहीत.

साहेबांना भीती ऑडिटची आहे, तुझी नाही. हँडओव्हरचा प्लॅन कागदावर घेऊन जा, कुठल्या पार्टचं पीपॅप (कस्टमरच्या मंजुरीची कागदपत्रं) कुठवर आलंय, कस्टमर कम्प्लेंट कुठली उघडी आहे, कोणाला शिकवणार. ४५ दिवसांत सगळं देतो म्हण. रिकाम्या हाताने "सोडा" म्हणणाऱ्याला कोणी सोडत नाही.

एप्रिलचं सिनियर मेलवर मागून बघ, लगेच कळेल किती खरं आहे ते 😄

काका_पिंपरीचे
ताईंचं बरोबर, पण कोणी ग्रॅच्युइटीचं बोललंच नाही! अरे बाळा ५ वर्षांना ५ महिने राहिलेत तुझे. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेला, पण कायम कामगाराला ५ वर्षांची अट आणि १५ भागिले २६ चं गणित (महिन्याचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं) तेच. समजा बेसिक डीए धरून २८,००० असेल तर ५ वर्षांचे साधारण ८०,७०० होतात. मद्रास हायकोर्टाचा जुना निकाल आहे की पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालतं, पण कंपन्या सरळ मान्य करत नाहीत, भांडावं लागतं. ३० दिवसांत निघालास तर तू बरोबर काठावर येतोस, ९० दिवस काढलेस तर ४ वर्षं १० महिने होतात आणि तुझी बाजू भक्कम होते. म्हणजे ज्या नोटिशीला शिव्या घालतोयस तीच तुझ्या कामाची असू शकते. हजेरीचा हिशोब आणि सॅलरी स्लिपा आत्ताच काढून ठेव, नंतर लॉगिन बंद होतं.

चाकणचा_क्वालिटीवाला
काका हे डोक्यातच नव्हतं 🙏 नवीन एचआरला आज ६० दिवस मागून बघतो. पण त्या कॉम्पिटिटरवाल्या सहीचं काय?

वकिलीण_सातारा
कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट १८७२, कलम २७. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही ही अट कोर्टात सहसा टिकत नाही. पण ड्रॉइंग, कस्टमरच्या किमती, टेस्ट रिपोर्ट यातलं काहीही स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, खरा धोका तिथे आहे. निघायच्या आधी आठवण म्हणून फायली पाठवतात आणि आयटीला सगळं दिसतं. ठरावीक वर्षं नोकरी केली नाही तर पैसे भरायचे असा बाँड मात्र वेगळा विषय, विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये ३ वर्षांचा, २ लाखांचा बाँड वैध धरलाय. तसा काही सही केलाय का ते आधी तपासा.

एचआरवाली_ताई
आणि नवीन वेज कोडनुसार राजीनाम्यानंतर शेवटचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे, मेलमध्ये हळूच आठवण करून दे. पीएफची एक्झिट डेट त्यांनी नाही टाकली तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या यूएएन पोर्टलवर तूच टाकू शकतोस, आधारला मोबाइल जोडलेला पाहिजे. पीएफ काढू नको हां, ट्रान्सफर कर. इथल्या पगाराचा आकडाही नवीन कंपनीला दे, नाहीतर दोघंही स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठरावीक वजावट) धरतात आणि जुलैत रिटर्न भरताना टॅक्स निघतो.