बाबांचा एमआरआय संशोधनाला द्यायचाय, पण ‘नाव काढून’ म्हणजे नेमकं काय?

कळंब्याची लेक
बाबा ६९ वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते, गगनबावड्याच्या गाडीवर निम्मं आयुष्य गेलं. तीन वर्षांपूर्वी पार्किन्सनचं, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराचं निदान झालं. त्याच्या आधी सही जुळत नाही म्हणून बँकेतून दोनदा चेक परत आलेला. अक्षर बारीक होत जाणं हेसुद्धा या आजाराचं लक्षण, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता दवाखान्यात एका अभ्यासासाठी विचारलंय. मेंदूचा एमआरआय, रक्त आणि चालतानाचा व्हिडिओ. बाबा एका पायावर तयार! पण फॉर्म सात पानी, सगळा इंग्रजीत. त्यात लिहिलंय की नाव काढून ही माहिती इतर संशोधकांना देता येईल. दवाखान्यात विचारलं तर तिथले लोक म्हणाले, सगळेच सही करतात. माझा विरोध नाही हो. फक्त काय काढणार आणि काय जाणार, एवढं समजून घ्यायचंय.

राजारामपुरी_स्कॅन
ताई, मी चौदा वर्षं एमआरआय मशीनवर आहे. चित्राच्या फाईलमध्येच पेशंटचं नाव, जन्मतारीख, दवाखान्याचा नंबर असतो. तो मजकूर पुसता येतो. पण डोक्याच्या स्कॅनमध्ये नाक, डोळे, हनुवटीही येतात आणि त्यावरून चेहरा उभा करता येतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ साली ८४ जणांचे स्कॅन त्यांच्या फोटोंशी सॉफ्टवेअरकडून जुळवून बघितले, त्यात ७० जण बरोबर ओळखले गेले. म्हणून स्कॅन बाहेर देण्याआधी चेहऱ्याचा भाग खोडतात. तुम्ही थेट विचारा, ‘चेहरा खोडणार का?’

व्हिडिओची मला जास्त काळजी वाटते. चेहरा झाकणार, की मूळ व्हिडिओच पाठवणार, हे लेखी घ्या.

सागरमाळ
मी याच क्षेत्रात पीएचडी करतोय. द्या, असंच म्हणेन. पार्किन्सन प्रत्येकात वेगळ्या चालीनं वाढतो, एका दवाखान्याचे चाळीस-पन्नास पेशंट बघून काही ठरवता येत नाही. पार्किन्सनच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकेतल्या मायकेल जे. फॉक्स फाउंडेशननं २०१० मध्ये पीपीएमआय हा पार्किन्सनचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यातले स्कॅन आणि तपासण्यांचे आकडे जगभरचे संशोधक अर्ज करून वापरतात. ज्यांनी एकही पेशंट तपासलेला नाही, असे लोकसुद्धा त्यावर काम करू शकतात. आपल्याकडच्या माणसांची अशी माहिती फार थोडी आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि फॉर्म मराठीत मागा, संकोच नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समजेल अशा भाषेत संमती घ्यायला हवी. मधेच बाहेर पडता येतं, त्यानं उपचारावर परिणाम होता कामा नये. मात्र एकदा दुसऱ्यांनी उतरवून घेतलेली माहिती परत आणता येत नाही, हे बाबांना आधीच सांगा. अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातं का हे बघणाऱ्या नीतिशास्त्र समितीचा संपर्क फॉर्मवर असतो, तिथं बोला.

कळंब्याची लेक
दोघांचेही आभार. रात्री जेवताना बाबांना सगळं वाचून दाखवलं. परत आणता येत नाही म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “एमआरआय घ्या म्हणावं, रक्त बी घ्या. व्हिडिओत तोंड नको. गाडीवरची लोकं बघतील.”

सोमवारी मराठी फॉर्म मागणार आहे. मिळेपर्यंत सही नाही.