पाच डॉलरचे तिकीट आणि हातावरची फुली : 'स्ट्रेट एज'ने नेमके काय साधले?

आडवाट (धागालेखक)

अमेरिकेतील उपसंस्कृतींचा विषय निघाला की 'शेवटी बाजार सगळेच गिळतो' असे म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वॉशिंग्टन डी.सी.च्या पंक संगीतातून निघालेली 'स्ट्रेट एज' ही दारू, सिगारेट आणि अमली पदार्थ नाकारणारी धारा मला या नियमात बसणारी वाटत नाही, म्हणून हा चर्चाप्रस्ताव.

१९८० साली टीन आयडल्स या शाळकरी मुलांच्या बँडने कार्यक्रमांतून साठलेले सुमारे सहाशे डॉलर आपसांत वाटून न घेता त्यांतून स्वतःची तबकडी काढली. त्यासाठी स्थापन झालेली डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही कंपनी (गप्पांच्या ॲपशी तिचा काही संबंध नाही) आजही चालू आहे. त्या तबकडीची वेष्टने मित्रमंडळींनी हाताने कापून, दुमडून, चिकटवून तयार केली होती. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने या अल्पवयीन मुलांच्या हातावर, त्यांना कोणी दारू देऊ नये म्हणून, काळी फुली मारून त्यांना आत घेतले. घरी परतल्यावर मुलांनी हीच युक्ती आपल्या शहरातील क्लबचालकांपुढे ठेवली. १९८१ मध्ये टीन आयडल्समधल्याच इयान मकायच्या मायनर थ्रेट या नव्या बँडचे, मिनिटभरही न चालणारे, 'स्ट्रेट एज' हे गाणे आले आणि मनाईची खूण मुले हौसेने मिरवू लागली. मकायचा पुढचा बँड फुगाझी मोठा झाल्यावरही तिकीट शक्यतो पाच डॉलरच ठेवत असे आणि कोणत्याही वयाच्या श्रोत्याला आत घेत असे. जी उपसंस्कृती पेहरावापेक्षा व्यवहारात, म्हणजे तिकीट कितीला आणि दार कोणासाठी उघडे, यात जगते, ती बाजाराला पचत नाही, असे माझे मत आहे.

ताळेबंद

तपशिलांबद्दल वाद नाही. निष्कर्षाशी मात्र असहमत. मकायचे वडील 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये पत्रकार होते. ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे आणि उद्याच्या जेवणाची भ्रांत नाही, त्यांना नफ्यावर पाणी सोडणे परवडते. त्याच शहरातील बॅड ब्रेन्स या कृष्णवर्णीय बँडकडून ही सगळी मुले वेग आणि आवेश शिकली. पण त्या बँडला तिथे कार्यक्रम मिळेनासे झाले आणि त्याने न्यूयॉर्क गाठले. पाच डॉलरचे कौतुक करताना हेही जमेस धरावे.

दुसरे म्हणजे, संयमाचे सोवळे व्हायला वेळ लागत नाही. नव्वदच्या दशकात सॉल्ट लेक सिटीत काही स्ट्रेट एज तरुणांनी दारू पिणाऱ्यांना मारहाण करण्यापर्यंत मजल मारली आणि पोलीस त्यांना टोळी म्हणून मोजू लागले. बाजाराला न पचणारी गोष्ट माणसांना तरी पचते का?

आडवाट

@ताळेबंद, सॉल्ट लेक सिटीचे खापर डी.सी.वर फोडणे योग्य नाही. आपल्याला चळवळ उभारायची नव्हती, असे मकायने वारंवार सांगितले आहे. फुगाझीच्या कार्यक्रमात कोणी गर्दीत इतरांना लाथाबुक्क्या मारू लागला, तर गाणे थांबवून त्याला सुनावले जाई आणि तरीही ऐकले नाही, तर पाच डॉलर लिफाफ्यात घालून हाती देऊन बाहेर काढले जाई. सोवळे पाळणारे पैसे परत देत नाहीत! राहिला छपराचा मुद्दा. सुखवस्तू घरांतली मुले अमेरिकेत लाखांनी होती. त्यांतल्या किती जणांनी फुगाझीसारखा बड्या संगीत कंपन्यांना नकार दिला?

उंबरठा

दोघेही दाराशीच थांबला आहात. दार उघडे असणे निराळे आणि आत उभे राहायला जागा मिळणे निराळे. हार्डकोर (म्हणजे पंकचाच अधिक वेगवान, आक्रमक प्रकार) कार्यक्रमांत रंगमंचासमोरची जागा धक्काबुक्की करणाऱ्या मुलग्यांच्या ताब्यात असे आणि मुली मागे, मित्रांचे कोट सांभाळत उभ्या राहत. १९९१ च्या सुमारास ऑलिम्पिया आणि डी.सी. या दोन शहरांतून 'रायट गर्ल' ही पंकमधल्या मुलींची स्त्रीवादी चळवळ उभी राहिली ती याच अनुभवातून. त्यातल्या बिकिनी किल या बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढे बोलावून घेई. स्वस्त तिकिटाने हा प्रश्न सुटला नव्हता.

शिवाय धागालेखकांच्या सिद्धान्ताला इथेच तडा जातो. या मुलींचा व्यवहारही झेरॉक्स काढून हातोहात वाटलेल्या पत्रिकांचाच होता. बिकिनी किलच्या अशाच एका पत्रिकेच्या नावात 'गर्ल पॉवर' हे शब्द होते; पाच-सहा वर्षांतच ते स्पाइस गर्ल्स या लोकप्रिय पॉप गटाच्या तोंडी जगभर विकले गेले.

आडवाट

विकले गेले ते शब्द. २००५ मध्ये नाइकीनेही स्केटबोर्डिंगच्या एका जाहिरातीसाठी मायनर थ्रेटच्या तबकडीवरचे चित्र जवळजवळ जसेच्या तसे उचलले होते. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागून जाहिरात मागे घेतली. चित्र उचलता आले, पाच डॉलरचे तिकीट उचलावेसे वाटले नाही.

ताळेबंद

न वाटण्याचे कारण सरळ आहे. अमेरिकेतील लहान क्लबांचा खर्च बऱ्याच अंशी दारूच्या विक्रीतून निघतो, त्यामुळे न पिणारा सोळा वर्षांचा श्रोता त्यांना आतबट्ट्याचा वाटतो आणि कित्येक ठिकाणी एकवीस वर्षांखालील मुलांना आतच घेत नाहीत. जिथे घेतात, तिथे हातावर फुली अजूनही मारतात, पण ती क्लबच्या परवान्याच्या काळजीपोटी. म्हणून फुगाझीला अनेकदा चर्चची सभागृहे आणि सार्वजनिक दालने शोधावी लागत. या व्यवहाराने बाजाराला हरवले असे आपण म्हणता. मला तर तो बाजाराला वळसा घालून गेलेला दिसतो.