पाकिस्तानात बायकांचं टेनिस कोणी सुरू ठेवलं?

कॉलेजरोडकर: लेकीला सकाळी सहाला कोर्टवर सोडतो, हॅलोजनखाली बॉलचा सगळा फर उडालेला असतो तरी तोच वापरतात पोरं. काल तिने विचारलं, बाबा पाकिस्तानात मुली टेनिस खेळतात का? मला आपल्या सानिया मिर्झाशिवाय काही सुचेना 😅 कोणाला माहितीय?

मिसळप्रेमी_नाशिक: खेळतात की. पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी आठवतो का, 2010 ला आपल्या बोपण्णासोबत यूएस ओपनची डबल्स फायनल खेळला, ब्रायन बंधूंकडून हरले? त्याची आई नौशीन एहतेशाम तिकडची नॅशनल चॅम्पियन. आजोबा ख्वाजा इफ्तिखार अहमद फाळणीआधी अखंड भारतातले टॉप प्लेयर. म्हणजे पोराच्या हातात रॅकेट घरातूनच आली, आणि आपण नाव कोणाचं घेतो, तर पोराचं.

गंगापूररोड_काकू: अगदी बरोबर बोललात! आताच्यांत लाहोरची उश्ना सुहेल आणि सारा महबूब खान बघा, दोघी फेड कपला (बायकांची देशादेशांतली टीम स्पर्धा, आता बिली जीन किंग कप म्हणतात) खेळल्यात.

बॅकहँड_भाऊ: रँकिंगसाठी छोट्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा फिराव्या लागतात, सिंगल्समध्ये निदान तीन स्पर्धांत पॉइंट किंवा एकूण दहा पॉइंट मिळाल्याशिवाय नाव लिस्टमध्ये येतच नाही, त्यात विमान, हॉटेल, व्हिसा सगळं स्वतःच्या खिशातून. आपल्याकडेच आईबाप टेकीला येतात, तिकडे तर बोलायलाच नको.

कॉलेजरोडकर: धन्यवाद मंडळी. लेकीला नौशीनबद्दल सांगितलं तर म्हणते, तिचे व्हिडिओ दाखवा. आता काय दाखवू?