मदत हवी आहे: वाळलेल्या मुळांवरून वनस्पतीचं ठिकाण कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी. औषधी मुळं नेमकी कुठे वाढली, हे स्थिर समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे, किरणोत्सर्ग न करणारे अणू) तपासायचं आहे. चुकीचं ठिकाण सांगून विकलेला माल शेवटी रुग्णाच्याच पोटात जातो, म्हणून हे मनापासून करायचंय.

समुद्रापासून दूर आणि उंचावर पडणाऱ्या पावसात ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) व ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) कमी होत जातं आणि ती खूण वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतल्या सेल्युलोजमध्ये उतरते, इथपर्यंत ठीक. नायट्रोजन-१५ वरून जागेपेक्षा खताचीच माहिती जास्त मिळते, त्यामुळे त्यावर माझी भिस्त नाही.

अडचण हायड्रोजनची आहे. सेल्युलोजच्या प्रत्येक घटकातल्या १० पैकी ३ हायड्रोजन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीच्या) गटांत असतात आणि ते हवेतल्या बाष्पाशी अदलाबदल करतात. मग गोदामाचीच खूण त्यात मिसळणार ना? नायट्रेशन करून (त्या हायड्रोजनच्या जागी नायट्रो गट बसवून) ते काढावेत, की माहीत असलेल्या नमुन्यांसोबत एकाच बाष्पात समतोल साधून मोजलं तरी चालेल?

शिवाय पिकाला डोंगरावरून आलेल्या नदीचं पाणी दिलं असेल, तर ऑक्सिजन खोटी उंची दाखवेल. अशा वेळी स्ट्रॉन्शियम या धातूच्या ८७ व ८६ या समस्थानिकांचं गुणोत्तर जोडीला घ्यावं का? ते खडकावर, मातीवर अवलंबून असतं, म्हणून मला आशा वाटते. प्रत्यक्ष मोजमाप केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.